वीतभर लाट

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लाटांबद्दल बरंच बोलणार आहे. यवतमाळहून कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र लांबच. तरीही दोन वर्षं मी समुद्राच्या लाटा मोजल्या. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, डोक्यावर पंखा खडखडत असताना, कुणीतरी जहाजावरून टिपलेल्या चित्रफिती पडद्यावर लावून.

काम माझ्या सरांचं होतं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी ते माझे मार्गदर्शक होते, पास झाल्यावर त्यांनीच मला प्रकल्पात ठेवून घेतलं. कल्पना सोपी. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, सुई किती लांब आहे तेच कळत नाही. दोन्ही डोळे उघडले की कळतं. तसेच दोन कॅमेरे एका नळीवर अंतर ठेवून बसवायचे. दोघांनी एकाच क्षणी एकाच पाण्याचा फोटो घ्यायचा. पाण्यावरचा एखादा ठिपका डाव्या फोटोत कुठं आहे आणि उजव्या फोटोत कुठं, हा फरक मिळाला की तो ठिपका किती लांब, किती उंच हे गणितानं निघतं. असे हजारो ठिपके जोडले की लाट पडद्यावर उभी राहते. पाण्यात काही सोडायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. फक्त बघायचं, पण दोघांनी मिळून.

मला हे का आवडलं ते सांगायचं तर घरी जावं लागेल.

माझे बाबा पत्रकं काढतात. पोटासाठी ते छापखान्यात काम करतात. आधी अक्षरांचे खिळे जुळवायचे, आता तिथंच कॉम्प्युटरवर बसतात. पण त्यांना विचारलं तर ते पत्रकं काढतात. आमचे आजोबा एक पत्रक वाचून नागपूरला दीक्षेला गेले आणि आमच्या घराचं सगळं तिथून सुरू झालं. ते पत्रक अजून आमच्या ट्रंकेत आहे, घडीवर फाटलेलं. मी अक्षरओळख पुस्तकावर नाही, पत्रकांवर केली. वस्तीचा नळ, वसतिगृहातलं जेवण, स्मशानाचा रस्ता. ‘जाहीर निवेदन’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता यायचा.

बाबांचे नियम दोनच. पत्रकाखाली काढणाऱ्याचं नाव पाहिजे. आणि मुद्रित दोघांनी तपासायचं. एकानं हातचा कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट फिरवायचं. तिसरीत असल्यापासून बोट फिरवणारी मी. दोघांचं जुळलं नाही की मी ओरडायचे, “बाबा, इथं नाही!” आणि पेन घेऊन खोडायला बघायचे. बाबा हात धरायचे.

“खोडाचं नाही बेटा. ज्यानं लिवलं त्याले विचाराचं. आपल्याले पटलं नाही म्हणून थो शब्द खोटा नसते.”

दोन कॅमेऱ्यांची गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्याच घरचं काम आहे.

समुद्रावर स्वतःची जोडी नेण्याआधी ती खऱ्या पाण्यावर तपासून बघायची होती. सरांना किनाऱ्यावरच्या एका मोठ्या संस्थेच्या जहाजावर जागा मिळण्याची आशा होती. समुद्र नाही, पण आमच्या जिल्ह्यात धरणं आहेत. शहरापासून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका धरणाच्या भिंतीवर आम्ही बूड टेकलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून एका वेल्डरकडून सहा फुटी लोखंडी नळी करून घेतली. कॅमेऱ्यांना अंतर शिकवण्यासाठी काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट लागतो, तो बाबांनी छापून दिला. प्लायवूडवर चिकटवताना ते म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा असं पत्रक छापलं ज्यात एकही मागणी नाही.”

त्या धरणात मासेमारी करणारी भोई समाजाची माणसं. पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाणी उथळ, बुडालेल्या बाभळींचे बुंधे, आणि मासे तिथंच. त्यांची जाळी तिथं. मोठा डोंगा एखादाच, बाकी थर्माकोलचे तराफे, वर फळी. त्यातले एक काका आणि जाळी विणणारी, बाजारात मासे विकणारी त्यांची बायको. त्यांना मी मावशी म्हणायचे. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत काकांची सही चालायची, शब्द मावशींचा चालायचा.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. कॅमेऱ्यांना धरायला ठिपकाच नाही. कोऱ्या कागदावर मुद्रित तपासावं तसं. सर म्हणाले, पाण्यावर काहीतरी हलकं टाकावं लागेल. मी एसटी स्टँडसमोरून मुरमुऱ्यांची थैली आणली आणि काकांच्या तराफ्यावर बसून मूठमूठ उधळायला लागले. पाच मिनिटं छान तरंगले. मग खालून एकेक तोंड वर यायला लागलं. गप्पकन मुरमुरा गायब.

काका वल्हं मांडीवर ठेवून हसत सुटले. “पोरी, तुह्या कॅमेऱ्यापायी आमचे मासे फुकट जेवून राह्यले!”

काठावरून मावशी ओरडल्या, “जेवू द्या ना! पोटभर जेवले तं वजनात येतीन. पोट्टीले म्हणा, उद्या शेंगदाणे आण.”

त्या आठवड्यात मी आणखी एक काम केलं. ते मी आता कुणी विचारलं नाही तरी सांगते. ऊन पाण्यावर चमकतं. ती चमक डाव्या कॅमेऱ्याला एका जागी दिसते, उजव्याला दुसऱ्या. प्रोग्रामला वाटतं तो एकच ठिपका, आणि मग शांत पाण्यातून ताडासारखा सुळका उभा राहतो. पडद्यावर धरणभर सुळके. मी वैतागले. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मर्यादा घाल. पाण्याच्या पातळीपासून वीतभराच्या वर जो ठिपका जाईल तो खोटा समजून काढून टाक, आणि भोक शेजारच्या ठिपक्यांनी भर. तळ्यात याहून मोठी लाट येतेच कुठं?”

मी हसले. मी ती ओळ लिहिली. सुळके गेले, पाणी गुळगुळीत झालं. सरांनी पाठ थोपटली. काकांना मी तो पडदा लॅपटॉपवर दाखवला तेव्हा ते पडद्याजवळ वाकले. “आमचं पाणी एवढं शहाणं कधीपासून झालं?” एवढंच म्हणाले.

हिवाळ्यात धरणावर बोटिंग सुरू झालं. ठेका बाहेरच्या माणसाला मिळाला. लाल रंगाच्या दोन मोटारबोटी, नारिंगी जॅकेटं, मोठ्यानं गाणी. बोटींनी भिंतीजवळच्या खोल पाण्यात फिरावं असं ठरलं होतं म्हणे. पण पर्यटकांना बुडालेल्या बाभळींचे फोटो हवे असतात. बोटी पूर्वेच्या कोपऱ्यात घुसायला लागल्या, आणि तिथं वळताना चालक वेग वाढवायचे, कारण त्यानं बोटीतली माणसं किंचाळतात आणि खूश होतात. मागे लाट. एका सकाळी त्या लाटेनं काकांचा तराफा उलटला. बुंध्यावर आपटून उजवं मनगट मोडलं, जाळं बाभळीत अडकून फाटलं. काकांना पोहता येतं म्हणून बरं.

संस्थेची मागणी एका ओळीची होती: पूर्वेच्या कोपऱ्यात मोटारबोट नको. तो कोपरा गेला तर मासे धरायला दुसरी जागा नाही, कारण खोल पाण्यात तराफ्यावरून जाळं लावता येत नाही. मावशी आणि आणखी दहाबारा जणी धरणाच्या कार्यालयासमोर बसल्या. तिथल्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, “केवढी लाट होती?”

“कमरेएवढी,” सोबत आलेले काका म्हणाले.

साहेब हसले. “अहो, हे तळं आहे की समुद्र? तळ्यात कुठं कमरेएवढी लाट असते का? काही मोजमाप आहे?”

मावशी तिथून सरळ भिंतीवर माझ्याकडे आल्या. धाप लागलेली, पदर कमरेला खोचलेला.

“बाई, तुह्या यंत्रानं लाट मोजता येते ना वं?”

“येते.”

“खरी येते? का साहेब म्हणन तशी येते?”

मला राग आला. खरोखर आला. “मावशी, कॅमेरा कोणाच्याच बाजूचा नसतो. जेवढी असेल तेवढी सांगेल.”

काका गळ्यात बांधलेला हात घेऊन मागून आले होते. ते म्हणाले, “मी म्हणतो, एक बांबू बी गाडू. लाल-पांढरे पट्टे मारू, वीत वीत. लाट कुठवर भिजवते थे कोणालेही दिसन. तुह्या कॅमेऱ्याले जोड होईन.”

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. “काका, कॅमेरा असताना बांबू कशाला? बांबूवर कोण विश्वास ठेवेल?”

काकांनी गळ्यातली झोळी सावरली. मावशी म्हणाल्या, “बरं. तू शिकेल हायस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयासमोरचं बसणं थांबवलं. मोजमाप येईपर्यंत थांबू, असं साहेबांना कळवलं. माझ्या शब्दावर.

सरांनी परवानगी दिली. उलट खूश झाले. कार्यालयाशी संबंध येणार, भिंतीवर कॅमेरे कायमचे ठेवता येणार. ठरल्या दिवशी बोट कोपऱ्यात आली, वळली, मागे पाणी उठलं. मी भिंतीवर होते. लाट माझ्या डोळ्यांनी पाहिली. पांढरा फेस घेऊन ती बुंध्यांवर फुटली आणि रिकामा बांधलेला तराफा उभाच्या उभा राहून परत आपटला. कमरेएवढी होती का? उभ्या माणसाच्या नाही. पण तराफ्यावर माणूस उभा नसतो, मांडी घालून बसलेला असतो. बसलेल्या माणसाच्या कमरेच्याही वर होती. काका खोटं बोलले नव्हते, साहेबांनी ती लाट तराफ्यावर बसलेल्या माणसाच्या जागेवरून पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी कॉलेजच्या खोलीत निकाल लावला. सर्वात मोठी लाट: वीतभर.

मी पुन्हा लावला. वीतभर. प्रत्येक लाटेचं डोकं एकाच उंचीवर सपाट कापलेलं, सुरीनं कापावं तसं. मग मला माझी ओळ आठवली. वीतभराच्या वर जाईल तो ठिपका खोटा. साहेबांनी तोंडानं विचारलेला प्रश्न मी कितीतरी आधी प्रोग्राममध्ये लिहून ठेवला होता.

मर्यादा वर नेली आणि पुन्हा लावला. आता लाट अडीच वितींच्या आसपास आली. पण फेसाच्या जागी दोन्ही कॅमेऱ्यांचं जुळत नव्हतं, काही सुळकेही परत आले, चित्र ओबडधोबड दिसत होतं. मी दोन्ही निकाल छापले, पहिल्यावर लाल पेनानं लिहिलं ‘मर्यादेमुळे चूक’, आणि सरांच्या टेबलावर ठेवले. ते आल्यावर तोंडानंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून दोन्ही कागद नीट पाहिले.

“बरं झालं सापडलं. दुसरा जोडू,” ते म्हणाले.

मी त्या दोन शब्दांवर घरी जाऊन शांत झोपले.

बैठक धरणाच्या विश्रामगृहात झाली. एका बाजूला साहेब, सर आणि ठेकेदाराचा माणूस. दुसऱ्या बाजूला काका, मावशी, संस्थेची पाचसहा माणसं. मी दाराजवळच्या खुर्चीवर. साहेबांनी सरांनी पाठवलेला अहवाल उघडला. वाचायच्या आधीच मला आलेख दिसला. कागद पातळ होता, खिडकीतून ऊन येत होतं, मागून रेघ दिसत होती. सपाट डोक्यांची रेघ.

“वैज्ञानिक पद्धतीनं केलेल्या मोजमापानुसार,” साहेब वाचत होते, “बोटीमुळे निर्माण झालेली कमाल लाट तेवीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, सामान्य वाऱ्याच्या लाटेइतकी.”

मी उभी राहिले. “साहेब, तो निकाल चुकीचा आहे. दुसरा एक कागद आहे.”

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसरा कागद प्राथमिक आहे, साहेब. त्यात बऱ्याच त्रुटी आहेत.”

“त्रुटी पहिल्यात आहे! मर्यादा मीच—”

“मॅडम,” साहेब म्हणाले, “खाली नाव तुमचंच आहे ना?”

त्यांनी शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. मापन आणि विश्लेषण. माझं नाव, सरांच्या नावाच्या आधी. लहानपणापासून मी पानाच्या तळाशी आधी बघते, कुणी काढलंय ते. माझं नाव मला कधी इतकं परकं दिसलं नव्हतं.

निर्णय पाच मिनिटांत झाला. बोटींना सर्व पाण्यात परवानगी. मच्छीमारांनी सुरक्षा जॅकेट घालावीत.

पायऱ्यांवर मी मावशींना गाठलं. मी मर्यादा, चमक, सुळके असं काहीतरी सांगायला लागले. मावशींनी हात वर केला.

“आमी कमरेएवढी म्हणत होतो, तवा लोकं नुसते हासत होते. हासनं वाऱ्यावर जाते, बाई. तू आमाले कागदावर खोटं केलं.”

“मी नाही केलं मावशी, सरांनी—”

“नाव कोनाचं व्हतं?”

काका त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. प्लास्टरवर खाजवत म्हणाले, “चाल, एसटी जाईन.”

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत शिरले ते दार न वाजवता. त्यांना ते अपेक्षित असावं. खुर्ची आधीच पुढे सरकवलेली होती. मी बसले नाही.

“तुम्ही म्हणाला होतात, दुसरा जोडू.”

“बस. तू आत्ता भावनेच्या भरात आहेस. दुसऱ्या निकालात फेसाच्या ठिकाणी काही जुळतच नव्हतं. तो कागद बाहेर गेला असता तर पहिला प्रश्न आला असता, ही पद्धत चालते की नाही. पुढच्या महिन्यात जहाजावरची चाचणी आहे. दोन वर्षांचं काम आहे. तुझंही.”

“मग ‘अजून नक्की सांगता येत नाही’ असं लिहायचं.”

“अहवालात असं लिहीत नसतात.”

“वीतभर हे मात्र नक्की? ते खोटं आहे हे माहीत असून?”

मला वाटलं आता ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला समजावत होते, अगदी मायेनं, पहिल्या वर्षीच्या मुलीला समजवावं तसं.

“हे बघ, आपण समुद्रासाठी काम करतोय. उद्या हीच पद्धत जहाजं वाचवेल, किनाऱ्यावरची गावं वाचवेल. दहाबारा तराफ्यांसाठी ते सगळं धोक्यात घालायचं का? आणि मी तुझं नाव पहिलं टाकलंय. माझ्या गाइडनं माझं कधी टाकलं नव्हतं.”

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला काहीतरी दिलंय. मला अजून हेच सर्वात जास्त टोचतं. लाच घेतली असती तर मी त्यांना ओळखलं असतं. तसल्या माणसांवर बाबांनी ट्रंकभर पत्रकं काढली आहेत. पण हा माणूस दुपारी डब्यातली अर्धी पोळी मला द्यायचा. यानं मला दोन डोळ्यांनी बघायला शिकवलं होतं. ज्या समुद्रातली जहाजं वाचवायची तो मी पाहिला नव्हता. ज्या पाण्यात काकांचा हात मोडला ते मी रोज बघत होते. मी प्रकल्पाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले.

घरी येऊन मी बांबूसकट सगळं सांगितलं आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. अंगार होता. ‘विज्ञानाच्या बुरख्याआडून मच्छीमारांचा घात!’ इथपासून सुरुवात. सर, साहेब, ठेकेदार, सगळ्यांना उभं जाळलं. बाबांना वाचायला दिलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. आई भाकरी थापता थापता तिथूनच कान देऊन होती.

बाबांनी दोनदा वाचलं. कागद गुडघ्यावर ठेवला.

“भाषा चांगली झाली. पण यात तू कुठं हायस?”

“खाली. नाव टाकलं ना.”

“खाली नाही. मधात. थे वीतभराची ओळ कोनं लिवली?”

“सरांनी सांगितली होती बाबा.”

“लिवली कोनं?”

आई तव्याजवळून म्हणाली, “आता पोरीलेच धरता का? फसवलं तिले त्यायनं.”

“फसवलंच,” बाबा म्हणाले. “पन आधी तिनं खोडलं. विचारलं नाही, खोडलं. थो बांबूवाला मानूस सांगत होता तं त्यालेबी खोडलं.”

मी उठून मागच्या अंगणात गेले. रडले नाही असं लिहिलं तर तेही खोडल्यासारखंच होईल. रडले. बाबांवर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. सरांनी माझ्या नावानं खोटं बोलून माझा घात केला होता, आणि माझा बाप मला माझीच ओळ दाखवत होता. पण ती ओळ माझीच होती. तळ्यात मोठी लाट येतेच कुठं, या वाक्यावर मी हसले होते. भोयांचं तळं नसतं, एखाद्या मोठ्या माणसाचं पाणी असतं, तर हसले असते का? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते आणि उत्तर आवडत नाही.

दुसरं पत्रक लहान झालं. पहिलं वाक्य: ‘वीतभराच्या वरची लाट खोटी समजावी, ही ओळ मी लिहिली.’ मग चमक, सुळके, सपाट कापलेली डोकी. साध्या शब्दांत, आईला वाचून दाखवून तिला कळेपर्यंत. मग दोन्ही आलेख शेजारी शेजारी, आणि दुसऱ्याखाली हेही, की फेसाच्या जागी तो पक्का नाही. मग सरांना मी काय सांगितलं, त्यांनी काय कबूल केलं आणि काय जोडलं. एकही उद्गारचिन्ह नाही. बाबा मोठ्यानं वाचत गेले, मी बोट फिरवत गेले.

पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी आठवडी बाजारात मावशींकडे गेले. पाटीत कतला आणि रोहू, वर ओलं गोणपाट. मी एक पत्रक पुढे केलं. मावशींना वाचता येतं, पण त्यांनी हातात घेतलं नाही.

“वाचून दाखव.”

मी बाजारात उभी राहून वाचलं. शेजारची वांगेवाली, दोन गिऱ्हाइकं, सगळी ऐकत होती. पहिलं वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. मावशी मासा खवलत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या,

“कागद जाड हाय का?”

“हो... तसा बरा आहे.”

“ठेव मंग अठी. मासे कायमंदी तरी बांधाच लागते.”

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण मी गठ्ठा ठेवला. त्या दिवशी मावशींनी प्रत्येक मासा माझ्या पत्रकात बांधून दिला, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून. एका मास्तरीणबाईंनी पुडी हातात घेतल्यावर चष्मा वर करून विचारलं, “हे काय छापलंय?” मावशी म्हणाल्या, “घरी जाऊन वाचा. मासा धुवाच्या आधी वाचा, नाई तं भिजते.”

पुढच्या बाजाराला मी न बोलावता गेले. मावशींनी बघितलं आणि पाटी उचलायला हात दाखवला. मी दुसरी बाजू धरली.

“उद्या सकाळी ये. बांबू गाडून राह्यलो.”

सकाळी पूर्वेच्या कोपऱ्यात, दोन बुंध्यांच्या मध्ये, बांबू उभा होता. लाल-पांढरे पट्टे, वीत वीत. पट्टे काकांनी डाव्या हातानं मारले होते म्हणून थोडे तिरपे. मी पिशवीतून फोन काढला, व्हिडिओ घ्यावा म्हणून. आणि सवयीनं तोंडातून निघालं, “काका, दोन फोन लावले तर आपण बांबूशी ताडून—”

“पोरी,” काका म्हणाले. मनगट नुकतंच प्लास्टरमधून सुटलं होतं, बारीक आणि पांढरट दिसत होतं. “फोटो काढ. मोजू नको. मोजाचं काम आता आमचं.”

मावशींनी एक वही माझ्या हातात दिली. शंभर पानी, शाळेची. “तू लिव. हे म्हनतीन, मी म्हनीन. दोघाचं जुळलं तं लिवाचं.”

“नाही जुळलं तर?”

“तं दोन्ही लिवाचे,” मावशी म्हणाल्या. “खोडाचं नाही. थ्या कागदात वाचलं ना आमी.”

मी पत्रकात असं कुठंच लिहिलं नव्हतं. पण मावशींनी ते त्यातून काढलं होतं.

वही भरली की ती साहेबांच्या टेबलावर जाणार, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन. साहेब ती उघडतील की नाही मला माहीत नाही. सर जहाजावर गेले. कॉलेजच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, मागे निळं पाणी, नळीवर आमचे दोन कॅमेरे. ती मर्यादेची ओळ त्यांनी काढली की नाही हेही मला माहीत नाही. मी एक पत्र लिहून विचारलं आहे. उत्तर नाही.

त्या सकाळी बोट नेहमीसारखी आली. गाणं आधी ऐकू आलं. लाल तोंड बाभळींमधून घुसलं, वळलं, बोटीतली माणसं किंचाळली, आणि मागून पाणी उठलं. बांबू थरथरला. पट्टे भिजत वर गेले.

“तीनाले जरा कमी!” तराफ्यावर बसून काका ओरडले.

काठावरून मावशी डोळे बारीक करून म्हणाल्या, “अडीच.”

मी दोन्ही लिहिले.